फुकटचं सिमेंट

त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक अंगावर कागदाहूनही पातळ. पण आतलं पाणी आत ठेवतो तोच. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट, असं अमेरिकी त्वचातज्ज्ञ पीटर इलायस यांनी मांडलं. या सिमेंटात वजनाने सुमारे निम्मं सेरामाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, बाकी मुख्यतः मेदाम्लं. रक्ताच्या रिपोर्टात घाम फोडणारं कोलेस्टेरॉल इथे मात्र कामाचा गडी.

शरीर हा माल फुकट पुरवतं. बहुधा म्हणूनच त्याला किंमत नाही.

ऐन थंडीत गृहस्थ कढत पाणी, ९-१० पीएचचा साबण आणि घासणी घेऊन न्हाणीघरात शिरतात. नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटेल, इतके स्वच्छ होऊन बाहेर येतात. मग तेच सेरामाइड ट्यूबमधून विकत आणतात; वर ‘तेलविरहित’ छापलंय ना, हे चष्मा लावून तपासून!