गुणदान योजना

विज्ञानाची चाचणी काढायची तर आधी संविधान तक्ता हवा. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, प्रत्येकाचा भारांश ठरलेला. तक्ता सुबक भरला, की गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढायची आणि वरची तारीख बदलायची. 'शास्त्रीय कारणे लिहा'मध्ये उन्हाळ्यातले पांढरे कपडे दरवर्षी धुऊन वाळत घातलेले असतातच. यंदा मात्र आम्ही उपयोजनाचं धाडस केलं: 'महाबळेश्वरला पाणी किती अंशांना उकळेल?' एका पोरानं लिहिलं, उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून 95-96. बरोबरच आहे की! पण उत्तरसूचीत 100 छापलेलं. अर्धा गुण दिला, तोही हस्ताक्षराचा. कौशल्याचे गुण सगळ्यांना पैकीच्या पैकी. प्रयोगशाळेची किल्ली जूनपासून सापडत नाहीये.