कुंडी लहानच पाहिजे

हिंगणा एमआयडीसीतून निवृत्त होणाऱ्यांत दोन जाती असतात. एक देवळाच्या पारावर स्थिरावते. दुसरी मेंटेनन्स खात्यातली. तिला बसवत नाही. आमचे काका दुसरीतले. उटीच्या सहलीत बाकी मंडळी चहा विकत घेत होती, तेव्हा काका एका वाफ्यापुढे अडकले होते. पट्ट्यासारखी पानं, मधून उंच दांडा आणि टोकाला निळ्या फुलांचा झुबका. अगापँथस.

"हे आपल्याकडे काहून होत नाही?"

होत नाही, कारण आपल्याकडे नागपूर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. २०१३ साली तर तो ४७.९ला टेकला होता. त्यातून वाचलं तर पावसाळ्यात काळी माती पाणी धरून बसते आणि गड्डा कुजतो. पण झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, एवढं काकांना पुरेसं होतं. "आफ्रिका म्हणजे ऊनच न जी!" तिथल्या डोंगरउतारावरच्या थंडीबद्दल मुलगा सांगायला गेला, त्याला कुंडी उचलायला लावलं.

आता व्हरांड्यात खिळ्याला लॉगबुक टांगलंय. सकाळ-संध्याकाळ तापमान, पाणी, शेरा. एप्रिल-मे म्हणजे 'शटडाउन': वर हिरवी नेट, बाजूला वाळ्याची ताटी, आणि कूलरचं तोंड कुंडीकडे. घरातली माणसं पंख्याखाली. युरियाची 'ट्रायल' झाली. पानं माजली, दांडा नाही. येणारा-जाणारा "स्पायडर लिली का?" म्हणून विचारतो. त्याला चहा मिळत नाही.

मग कुठंतरी त्यांनी वाचलं की अगापँथसला ऐसपैस कुंडी मानवत नाही. मुळांची दाटी झाली की ते चांगलं फुलतं. त्या दिवसापासून घराची दशा फिरली. मुलानं वर मजला चढवू म्हटलं. "कशाला? दाटी पाहिजे." काकूंनी मोठा फ्रिज मागितला. तेच उत्तर. लोकमान्य नगर हे मेट्रोचं शेवटचं स्टेशन, तिथून चढलं की डबा रिकामा मिळतो; काकांच्या मते या भागातली पोरं मागे पडतात ती यामुळेच. दिवाळीत दोन्ही लेकी, जावई, नातवंडं एका खोलीत झोपली तेव्हा काका रात्री दारात उभं राहून समाधानानं पाहत होते.

इकडे काकूंनी फुटक्या बादलीत फुटबॉल लिलीचा कांदा खुपसून ठेवलाय. त्याला ना नेट, ना कूलर. उन्हाळ्यात पान दिसत नाही, आणि पावसाची पहिली सर यायच्या सुमारास एक दिवस लालभडक चेंडू वर येतो. गल्ली पाहायला जमते. काका ढुंकून पाहत नाहीत.

"अवो, पाहा तरी!"

"ते ऑटोमॅटिक आहे. त्यात आपलं काय काम?"

लॉगबुकात 'फुले' असा एक रकाना आहे. महिन्यामागून महिने तिथे सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलेलं. यंदाच्या जूनमध्ये मात्र खाली वेगळ्या अक्षरात नोंद दिसली: 'लाल, १'. काकांनी ती पट्टी धरून खोडली, बाजूला सही केली आणि शेरा मारला: 'दुसऱ्या खात्याचे काम.'