डॉक्टरांचा मका आणि आमचे पोहे

माणसाचं मन सकाळी शांत राहावं, एवढ्यासाठी एका अमेरिकन डॉक्टरांनी जगाची न्याहारी बेचव करून ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग आरोग्यधाम चालवत. तिथे मांस बंद, मसाला बंद, चहा-कॉफीसुद्धा बंद. तिखट-मसालेदार खाल्लं की वासना चाळवतात, हा त्यांचा सिद्धान्त. (बरं झालं, कोल्हापूर पाहिलं नाही. अख्खा जिल्हा भरती करून घेतला असता!)

१८९४ साली त्यांच्याकडे गव्हाची शिजवलेली कणीक तशीच राहून गेली. लाटायला घेतली, तर तिच्या पापड्या सुटल्या. आमच्याकडे ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ एवढ्यावर विषय मिटला असता. त्यांनी पापड्या भाजल्या आणि चक्क पेटंट घेतलं. धाकटे बंधू विल यांनी पुढे मक्यावर भर दिला, वर साखर घातली आणि १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. मग भावाभावांत नावावरून कोर्टकचेऱ्या. मनःशांतीचा आहार तो हाच!

आता सांगा, धान्य भिजवायचं, भाजायचं, चपटं करायचं, ही विद्या आमच्या पोहेवाल्यांना काय नवी? सुदामा पुरचुंडी घेऊन द्वारकेला गेला, तेव्हा त्यानं कुठे पेटंट मागितलं? आणि गंमत बघा, १९९४च्या सुमारास केलॉग कंपनीचे कॉर्नफ्लेक्स भारतात आले, त्यांचा कारखाना उभा राहिला तळोज्याला. म्हणजे पेण-रोह्याच्या पोह्यांच्या रायगड जिल्ह्यातच! त्यात आम्ही दूध तापवून घेणारी माणसं. कढत दुधात त्या कुरकुरीत पापड्यांचा पाहता पाहता लगदा.

हल्ली घरात ओट्स आले आहेत. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, त्यात फायबर असतं.” असेल. पण चव कुठे असते? शेवटी आमच्या हिनंच मोहरी, कढीपत्ता, कांदा, मिरची घालून त्यांना माणसांत आणलं. आजी नाचणीची आंबील प्यायची, तेव्हा ते गरिबाचं खाणं होतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटात बसून दामदुप्पट झाली.

डॉक्टरसाहेबांच्या पापड्या वासना शमवण्याच्या पथ्यात बसल्या. आम्ही तशाच पापड्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन पिढ्यान् पिढ्या लग्नं जुळवली. तेव्हा उपवर मुलामुलींच्या आईवडिलांना हात जोडून विनंती: पाहुणे बघायला येतील तेव्हा बशीत काहीही ठेवा, पण कॉर्नफ्लेक्स तेवढे ठेवू नका.