स्कोप

स्कोप बघून उडी मारायची आमच्या घराण्याची खोड जुनी. 18व्या शतकात पवारांचं बस्तान धारला बसलं, तेव्हा पूर्वज देशावरून इकडे आले ते स्कोप बघूनच. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले. जन्माची भाकरी! 1948 साली संस्थानच मध्य भारतात विलीन झालं. तेच रक्त माझ्यात आहे.

मी 1998 साली बारावी झालो. तेव्हा आमच्या धरमपुरीत नर्मदेच्या घाटावर संध्याकाळी बसलेला प्रत्येक जण सल्लागार होता. पिथमपूर आमच्याच जिल्ह्यात. आयशरचे ट्रक तिथले, किनेटिक होंडा तिथली. म्हणजे मेकॅनिकल, प्रश्नच नाही. पण पीईटी या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या काउन्सेलिंगच्या आदल्या रात्री पुण्याच्या काकांचा फोन आला, "लोखंड कसलं कुटतोस? वायटूके येतंय. कॉम्प्युटर घे!"

तोवर मी कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता. बँकेत, प्लास्टिकच्या कव्हराखाली. तरी घेतला. शिवाय इंदूरला एका क्लासात कोबोल लावलं. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे 2000 उजाडलं की यंत्रांना ते 1900 वाटणार आणि ते निस्तरायला आम्ही कोबोलवाले लागणार, असा हिशेब. वडिलांनी फीच्या नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा जरा सावकाशच. 1 जानेवारी 2000 उजाडला. जगातल्या कॉम्प्युटरांना फारसं काही झालं नाही. जे व्हायचं ते माझं झालं.

2002 साली पदवी हातात पडली, तेव्हा डॉटकॉमचा फुगा फुटून आयटीत मंदी होती. कॉलेजात कंपन्या आल्या नाहीत, पंख्याच्या जाहिरातीचं कॅलेंडर तेवढं आलं. पुढच्या वर्षी मानवी जीनोमचा आराखडा पूर्ण झाल्याची बातमी वाचली आणि मी बायोइन्फर्मॅटिक्सच्या पदविकेत उडी घेतली. ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या रांगा दिवसभर जुळवत बसायचो. तिकडे आयटीची भरती पुन्हा जोरात सुरू झाली. वर्गातले मागच्या बाकावरचेही बंगळुरूला गेले.

माझा शेजारी मात्र लहानपणापासून लोकांचे पंखे खोलत असे. त्याने आयटीआय केलं. निमाडात कापूस आणि मिरची आहे तोवर पंपाच्या मोटारी जळणारच. त्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानाबाहेर सीझनमध्ये रांग असते. माझ्या घरची मोटारही तोच भरून देतो, उधारीवर.

आता मी गावात ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पिथमपूरला 2021 साली गाड्यांच्या चाचणीचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला, तेव्हा मेकॅनिकलच्या आठवणीने पोटात कालवलं. जून-जुलैत मुलं आईबापांना घेऊन येतात, "काका, एआय घेऊ की सिव्हिल?" मी चांगला अर्धा तास समजावतो. बाप शांतपणे ऐकून घेतो आणि मी सांगितलेली शाखा सोडून दुसरी भरायला लावतो.

त्यांतल्या चौघांना नोकऱ्या लागल्या. पेढे चौघांनीही आणून दिले.