आमचे कंपनीसाहेब

टेंभुर्णी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सोलापूरकडची आठवते. आमची ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. या भागात शेडनेट दिसलं की आत मिरचीचं नाहीतर टोमॅटोचं बीजोत्पादन चाललेलं असतं, बाया वाकून फुलांचं क्रॉसिंग करत असतात आणि नेटच्या तोंडाशी एक पांढरी डिझायर उभी असते. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली. पुढे या जिल्ह्यात बियाण्याच्या कंपन्या वाढल्या, त्यांची फील्डवरची माणसं वाढली आणि माणसांमागे गाड्या आल्या. आमच्या साहेबांची कंपनी कोणती ते जाऊ द्या. गाव त्यांनाच ‘कंपनी’ म्हणतं. “काय कंपनी, जालन्याला निघाले का? पोरीला तेवढं स्टँडवर सोडा.”

सोयरिकीच्या बैठकीत डिझायर त्यांची स्वतःची असते. खड्ड्यात आदळली की त्याच क्षणी कंपनीची होते. घरची जुनी मोटारसायकल ते रोज रात्री लुगड्याने झाकतात. डिझायर बाभळीखाली, पाखरांच्या हवाली. कोणी टोकलंच तर म्हणतात, “आपलं काय जातं? कंपनी हाये ना!”

गाडी ताब्यात देताना कंपनीने नियमांचं चोपडं दिलं होतं. त्याच्या पानोपानी साहेबांची सही आहे. वाचलं मात्र फक्त इंधन कार्डाचं पान. बाकीच्या पानांत होतं ते असं: टायरची हवा, ऑइल, कूलंट बघत जावं, नेमलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याने स्टिअरिंगला हात लावू नये, दंड झाला तर पगारातून कापला जाईल. हवा त्यांनी एकदा पाहिली, टायर बसलं तेव्हा.

दंडाची गंमत अशी की ई-चलान मालकाच्या नावाने निघतं, म्हणजे थेट मुख्य कार्यालयात जातं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ असं आहे की पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे मालकाला सांगावं लागतं. मालक म्हणजे कंपनी. ती साहेबांना विचारते. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि पुण्याच्या मेव्हण्याला गाडी किती पळते ते बघायचं होतं. कार्यालयाने खुलासा मागवला. साहेबांनी कळवलं, “उतार होता.”

चिरंजीव पंधरा वर्षांचे. संध्याकाळी मोकळ्या मैदानात ते डिझायरवर हात साफ करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो; २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शाळेतल्या गुरुजींनी हे समजावून सांगितलं, तेव्हा साहेबांनी शांतपणे पान थुंकलं. “मी नुसता पालक, गुरुजी. मालक कंपनी. अन् कायद्यात ‘किंवा’ लिहिलंय ना?”

विम्याचं तर त्यांनी सोनंच केलं. खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याने माणसं नेणं बसत नाही आणि मालाची वाहतूकही बसत नाही. नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. यातला ‘नमुने’ हा शब्द साहेबांनी उचलला. तेव्हापासून डिकीत जे जाईल ते सँपल. मोसंबीचे चार कॅरेट सँपल. सासूबाईंचं शिलाई मशीन सँपल. मेव्हण्याला पेरणीसाठी न्यायचं सोयाबीनचं पोतं, तेही सँपल. आणि ते बियाणं घरचं, कारण कंपनीचं महाग पडतं.

पण साहेबांची खरी प्रतिभा बघायची तर लॉगबुक उघडावं. गाडी निव्वळ कामासाठीच फिरली असं आयकरवाल्यांना दाखवायचं तर तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च यांची नोंद लागते. नाहीतर खासगी वापराचा कर पगारावर बसतो. साहेबांची नोंद चोख. अंगारकीला नऊ माणसं कोंबून राजूरच्या गणपतीला जातात, तिथे ‘राजूर परिसर, प्लॉट पाहणी’. अंगारकी मंगळवारी येते, म्हणजे कामाच्याच दिवशी. देवानेच सोय केली म्हणायची. बारसं असलं तर ‘नवीन वाणाची ओळख’. बायकोला माहेरी, देऊळगाव राजाला सोडलं तर ‘शेतकरी संपर्क’. आणि लग्नांना एकच ठरलेला शेरा: ‘उगवण तक्रार’.

इथेच घोटाळा झाला. हिशेबाच्या बाईंनी वर्षाची बेरीज मारली तर उगवणीच्या सगळ्यात जास्त तक्रारी टेंभुर्णी भागातल्या, त्याही वैशाखातल्या. रानं नांगरून तापत पडलेली, जमिनीत दाणा नाही, मग उगवत नाही ते काय? कंपनीने गुणवत्ता विभागातला एक तरुण शास्त्रज्ञ पाठवून दिला.

साहेब त्याला आणायला जालना स्टेशनवर गेले. पाहुणा येणार म्हणून चार दिवस आधी गाडी विहिरीच्या मोटारीखाली धरली होती, आतूनबाहेरून. शास्त्रज्ञाने बॅग ठेवायला डिकी उघडली आणि तो तिथेच वाकून उभा राहिला. पोत्यातून सांडलेलं सोयाबीन ओल्या मॅटवर तरारून आलं होतं. कृषी खातं शेतकऱ्यांना हेच तर सांगतं: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवा, सत्तर उगवले की बियाणं चांगलं. पोरगा हाडाचा शास्त्रज्ञ. भर उन्हात त्याने दाणे मोजले.

“अठ्ठ्याऐंशी टक्के,” तो म्हणाला. “कोणता लॉट?”

“घरचं हाये, साहेब.”

“मग तक्रार कसली?”

साहेबांनी सीटखालून लॉगबुक काढलं, पेनाचं टोपण दातांनी ओढलं आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: ‘प्रात्यक्षिक प्लॉट पाहणी, शास्त्रज्ञांसह.’