साहेबांना कागद दिसत नाही

लेझर प्रिंटरला कागद दिसत नाही, हे एकदा समजून घेतलं की त्याच्यावरचा निम्मा राग निवळतो. ट्रेमध्ये करकरीत कागदांचा गठ्ठा बसलेला असतो आणि तो ठामपणे सांगतो, ‘कागद संपला’. किंवा पोटात कपटाही नसताना कण्हतो, ‘कागद अडकला’. आपल्याला वाटतं, धडधडीत खोटं बोलतोय. तो बिचारा ऐकीव बातमी सांगत असतो.

आतली व्यवस्था जुन्या सरकारी कचेरीची. साहेब आत, दाराशी शिपाई. शिपाई म्हणजे काळ्या प्लास्टिकची एक चिमुकली दांडी. कागद आला की ती कलते, गेला की स्प्रिंगच्या ओढीने जागेवर येते. तिचं दुसरं टोक एका अरुंद खाचेत हलतं. खाचेच्या एका बाजूने अवरक्त प्रकाश निघतो, समोरच्या बाजूला तो टिपणारा सेन्सर असतो. दांडी मध्ये आली की अंधार, बाजूला झाली की उजेड. साहेबांपर्यंत पोचते ती एवढीच वार्ता.

बाकी साहेब मोठे विद्वान. गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत पहिला लेझर प्रिंटर चालवून दाखवला. गरगर फिरणाऱ्या आरशावरून लेझरची तिरीप ड्रमवर सोडायची आणि अक्षरं उमटवायची, ही ती विद्या. आज घरातला साधा प्रिंटरही इंचाला ६०० ठिपके बसवतो, २०० अंशांच्या आसपास तापून टोनरची पूड कागदावर वितळवतो. पण कागद आहे का, हे मात्र दांडीलाच विचारायचं. आणि दांडीची स्प्रिंग निसटली किंवा खाचेत पूड साचली, की ती कललेलीच राहते. साहेब समजतात, कुणीतरी दारात तिष्ठत उभं आहे.

यावर आपले घरगुती उपाय ठरलेले. ट्रे ओढून धाडकन लावायचा, बटण बंद-चालू करायचं, गठ्ठा फडफडवून पुन्हा भरायचा आणि शेवटी टपावर एक चापटी. चापटीने कधी कधी अडकलेली दांडी खरंच सुटते, म्हणून तर चापटीवरची श्रद्धा कुठलंही मॅन्युअल पुसू शकलेलं नाही.

आमच्याकडे दुरुस्तीला येणारा मुलगा आधी कान देतो. बटण दाबताच, कागद जागचा हललेलाही नसताना तक्रार आली, तर संशय दांडीवर. घरघर होऊन मग आली, तर कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर. रबर गुळगुळीत झालं की कागद जागेवरच घसरतो, ठरल्या क्षणाला पुढच्या सेन्सरपाशी पोचत नाही आणि बोंब होते. तिथे शिपाई खरंच बोलत असतो. पावसाळ्यात कागदही ओल धरून वाकतो, म्हणून गठ्ठा बदलूनही बघायचा. दांडीचा संशय आला तर मुलगा प्लग काढतो, यंत्र निवू देतो, टॉर्च मारतो आणि बोटाने दांडी हलकेच दाबून सोडतो. टक्कन परत आली तर ठीक. नाहीतर छोट्या रबरी पंपाने खाचेत हवा मारतो. “तोंडाने फुंकू नका काका, ती पूड तुमच्याच नाकात जाईल.”

मला खटकतं ते एकच. या यंत्राला ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणायची सोय कुणी ठेवलेली नाही. लिनक्समध्ये तसा एक प्रयत्न झालाय. प्रिंटर ‘बिघाड’ म्हणतोय, पण कागद संपलेला नाही आणि प्रिंटर ऑफलाइनही नाही, असं झालं तर जुना ड्रायव्हर लिहितो, ‘एलपी०ला (म्हणजे प्रिंटरला) आग लागली आहे’. म्हणजे अज्ञान कबूल करण्यापेक्षा अग्निशमन दलाला बोलावलेलं बरं!

परवा मुलाने दांडी मोकळी केली, कागद सळसळत बाहेर आला आणि लगेच पडद्यावर नवी पाटी झळकली, ‘टोनर संपत आला’. मी पाकिटाला हात घातला.

“राहू द्या काका,” तो म्हणाला. “आधीची निदान साक्ष तरी होती. टोनरचं हा किती ठिपके छापले त्यावरून मनाशी ठरवतो. अक्षरं फिकी पडेपर्यंत छापत राहा.”

आवाज मात्र दोन्ही वेळी तोच, साहेबी.