मुलुंडच्या समस्त दलालमंडळींच्या सेवेशी: एक माफीनामा

राजमान्य राजश्री, मुलुंड पूर्व व पश्चिम येथील समस्त जागा-मध्यस्थ, ऊर्फ इस्टेट एजंट, ऊर्फ दलाल मंडळी यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

खाली सही करणारा इसम मिठागर रस्त्यालगतच्या एका तीन मजली इमारतीत अडतीस वर्षे स्वतःच्या मालकीच्या दोन खोल्यांत राहिला, आणि एवढ्या प्रदीर्घ अवधीत आपल्यापैकी एकाच्याही दुकानाची पायरी चढण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जेव्हा इमारतीच्या तुळयांनी मान टाकली, सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आणि विकासकाने दरमहाचे भाडे, एका महिन्याची दलाली व सामान हलवण्याचा खर्च हातावर ठेवून आम्हां चोवीस बिऱ्हाडांना एकाच महिन्यात रस्त्यावर आणले, तेव्हा आपल्या व्यवसायातील शिष्टाचाराचे त्याचे ज्ञान शून्य होते, ही गोष्ट त्याच्या अपराधांचा न्याय करताना विचारात घेतली जावी. चोवीस बिऱ्हाडे एकदम जागा शोधू लागली म्हणजे भाडी का चढतात, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला आकृती काढून समजवावे लागते. आपणांस ते ठराव मंजूर झाला त्याच संध्याकाळी समजले होते, असे आमचा वॉचमन सांगतो.

त्यानंतर अडीच महिने मी आपणांपैकी अकरा जणांच्या पाठीमागून, कधी रिक्षाने, कधी दुचाकीच्या मागच्या सीटवर जीव मुठीत धरून, पाच रस्ता चौकापासून गव्हाणपाड्यापर्यंत फिरलो. दलाल हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत आला आणि त्याचा मूळ अर्थ वाट दाखवणारा असा आहे, हे मला ठाऊक होते. मराठीने मात्र वाट दाखवणे आणि वाट लावणे असे दोन स्वतंत्र वाक्प्रचार राखले आहेत, आणि त्यांच्या सीमारेषेवर चालताना मजकडून जी बेअदबी घडली, तिचा हा कबुलीजबाब.

पहिला अपराध घड्याळाचा. आपण ज्या ज्या जागेचे वर्णन केले ती प्रत्येक जागा स्टेशनपासून पाच मिनिटांवर होती. यावर मान डोलावण्याऐवजी मी मनगटावर नजर टाकली आणि 'सतरा झाली' असे उद्गारलो. मुलुंडच्या पश्चिमेची आखणी १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केली, स्टेशनापासून पाच रस्त्यापर्यंतचे रस्ते पट्टी लावून एकमेकांस छेदत गेले, आणि जेथे वाट चुकणे ही कला होऊन बसली आहे अशा या नगरात पाचाची सतरा मिनिटे कशी होतात, हा प्रश्न मी सभ्यतेने गिळायला हवा होता. १८५३ साली याच भूमीवरून गेलेल्या पहिल्या आगगाडीने बोरीबंदर ते ठाणे हे अंतर सुमारे तासाभरात काटले. त्या गाडीच्या वेळापत्रकाचे काम जर आपल्याकडे असते, तर तीही स्टेशनापासून पाच मिनिटांतच पोहोचली असती.

दुसरा अपराध टेपचा. नीलमनगराच्या बाजूस एका जागेचे क्षेत्रफळ आपण साडेपाचशे सांगितले, आणि मी, निवृत्त आरेखक असल्याकारणाने, खिशातून टेप काढून भिंतीला लावला. त्या क्षणी आपल्या चेहऱ्यावर जे दुःख पसरले ते मी आयुष्यात विसरणार नाही. सोयरीक ठरवायला आलेल्या वरपित्याने मुलीचे दात मोजावेत, तसे ते दृश्य असावे. 'काका, भाड्याच्या जागेला टेप कोण लावतं?' हे आपले वाक्य रास्त होते. टेपने तीनशे बहात्तर फूट दाखवले. उरलेले फूट जिना, लिफ्ट, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि बहुधा खालचे गणपतीचे देऊळ यांत वाटले गेले होते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांसाठीच्या रेरा कायद्याने २०१६ साली चटईक्षेत्राची व्याख्या केली, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी तिच्यातून वगळली. परंतु संसदेने केलेली व्याख्या आणि वाटाघाटीत चालणारी भाषा यांत जे अंतर आहे, तेही स्टेशनपासून पाच मिनिटांचेच समजावे.

याच रेरा कायद्याच्या आधारे मी तिसरा आणि अत्यंत अश्लाघ्य अपराध केला. एका सद्‌गृहस्थाने भाड्याचा विषय बाजूला ठेवून एका नव्या प्रकल्पातील सदनिका विकत घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा मी त्यांचा महारेरा नोंदणी क्रमांक विचारला. कारण नोंदणीकृत प्रकल्पातील जागा विकून देणाऱ्या मध्यस्थास ही नोंदणी आवश्यक असते, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते, एवढे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्यांनी अत्यंत आनंदाने, दोनदा, सावकाश, मला त्यांचा मोबाईल क्रमांक सांगितला. मी तो लिहून घेतला. एवढी सभ्यता मजकडून झाली, हे आपण नोंदवून घ्यावे.

आता जो प्रसंग मी सांगणार आहे, त्यामुळे मला खरोखर काही रात्री झोप लागली नाही. नव्वद फूट रस्त्यावरच्या एका इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरची जागा मी एका सोमवारी आपल्यापैकी एकाबरोबर पाहिली. मोरीची गळती, मालकाचा तोरा आणि खिडकीतून दिसणारी शेजारच्या इमारतीची खिडकी, हे सर्व मी पाहिले, आणि 'कळवतो' म्हणून निघालो. गुरुवारी दुसरे गृहस्थ मला 'एकदम फ्रेश, आजच आलेली' जागा दाखवण्यासाठी रिक्षाने घेऊन निघाले, आणि रिक्षा जेव्हा त्याच फाटकाशी थांबली तेव्हा माझ्यापुढे मोठा धर्मसंकटाचा प्रसंग उभा राहिला. 'ही मी पाहिली आहे' असे म्हणावे, तर पहिल्याचे नाव सांगावे लागते, मग 'पार्टी कोणाची' हा वाद उभा राहतो, आणि तो वाद हरिॐनगरच्या चहाच्या टपरीवर किती तास चालतो हे मी पूर्वी ऐकले होते. न म्हणावे, तर लबाडी होते. मी लबाडी पत्करली. मी ती जागा प्रथमच पाहत असल्याचा अभिनय केला. मोरी पाहून 'वा!' म्हणालो. गळती दिसताच आश्चर्य व्यक्त केले. कालिदास नाट्यमंदिरात आजवर जेवढे प्रयोग पाहिले, त्यांतील कोणत्याही नटाला एवढे संयमित काम जमले नसेल, असे मला वाटू लागले असता, खाली उतरताना त्या इमारतीच्या वॉचमनने मला हात केला आणि विचारले, 'काय काका, परत?'

ह्या एका शब्दाने जो अनर्थ व्हायचा तो झाला. त्या दोघांत अद्यापि बोलणे नाही, असे मला कळते. एकाच जागेचे अनेक दलाल असावेत आणि पार्टी मात्र पतिव्रतेसारखी एकाचीच असावी, हा या व्यवसायाचा पहिला दंडक मला कोणी आधी सांगितला असता, तर मी तेथे बुरखा घेऊन गेलो असतो.

आता आपल्या भाषेबद्दल. आपण मंडळी ज्या नाजूकपणे नकार देता, तसा नकार देण्याची कला पेशव्यांच्या वकिलांनाही साधली नसावी. मला प्रथम 'पूर्ण नाव काय?' असे विचारण्यात येई, तेव्हा मी भाबडेपणाने समजे की पावती फाडायची आहे. नंतर 'जेवणात कसं काय?' असा प्रश्न येई, आणि मी, बुधवार-शुक्रवारी आमच्याकडे बांगडा असतो, असे मोकळेपणाने सांगे. उत्तर कधीही 'नाही' असे आले नाही. 'ओनर गावाला गेलेत.' 'ओनरचा भाचा लग्न करून तिथेच राहणार आहे.' 'चावी हरवली आहे.' एका जागेची चावी माझ्यापुरती तीन वेळा हरवली. 'कॉस्मो सोसायटी' हा शब्दही मी आपल्याकडूनच शिकलो. ज्या इमारतीत सर्व प्रकारची माणसे राहतात आणि मासळी तळता येते, तिला असे विश्वव्यापक नाव दिलेले असते, आणि त्या विश्वाची भाडी थोडी अधिक असतात.

२०२३ च्या सप्टेंबरात याच मुलुंडच्या पश्चिमेस कार्यालयासाठी जागा पाहायला गेलेल्या एका मराठी बाईंना, महाराष्ट्रीय लोकांना येथे जागा दिली जात नाही, असे तोंडावर सांगण्यात आले. त्याची चित्रफीत राज्यभर पोहोचली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि बरेच दिवस सर्वपक्षीय संताप चालला. त्या प्रकरणी बोलणारे लोक सोसायटीचे होते, दलाल नव्हते. दलाल असता तर प्रकरण घडलेच नसते. त्याने बाईंना चहा पाजला असता, गंभीरपणे मान हलवली असती आणि 'ओनर गावाला गेलेत' असे म्हणून प्रेमाने निरोप दिला असता. अशा सभ्य नकारावर कोणताही फौजदार कलम लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध धरला. तेव्हा लेखी पोटनियमालाही जिथे कायद्याचा आश्रय आहे, तिथे तोंडी पोटनियमाबद्दल आपणांस दोष देणारा मी कोण? या विषयावर अधिक बोलणे मला व्यक्तिशः शोभतही नाही. का शोभत नाही, ते ताजा कलमात येईल.

अखेरीस जागा मिळाली. पूर्वेलाच, तिसरा मजला, लिफ्ट आहे, चालते मात्र लहरीने. येथेही मी उर्मटपणा केलाच. आपण म्हणालात, करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरीने भागेल. मी म्हणालो, एक वर्षाहून कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, ही १९०८ च्या नोंदणी कायद्याची सवलत. तिच्याच आधारे अकरा महिन्यांचा शिरस्ता पडला. परंतु १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे, ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल असेही म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य ऐकताच मालक सोफ्यावर ताठ बसले आणि नोंदणी तत्काळ मंजूर झाली. आपण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलेत, की आपल्या जेवणाच्या ताटात मी वकील आणून बसवला आहे.

नोंदणीसाठी एक तरुण यंत्र घेऊन घरी आला. आयुष्यभर टी-स्क्वेअर धरल्यामुळे असेल किंवा वयोमानाने असेल, माझ्या अंगठ्याचा ठसा त्या यंत्रास पटेना. तर्जनी पटेना. शेवटी डाव्या हाताचे मधले बोट पटले, आणि चाळीस वर्षे नकाशांवर सही केलेला मनुष्य अंगठेबहाद्दरांच्याही खालच्या पायरीवर उतरला.

मग हिशेबाची घटका. चाळीस हजार भाडे, अकरा महिने, दीड लाख परत मिळणारी अनामत. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे भाड्याच्या एकूण रकमेवर आणि अनामतीवरील दहा टक्के वार्षिक कल्पित व्याजावर मिळून अकराशे-बाराशे रुपये. नोंदणी फी एक हजार. हा दस्तऐवज सांभाळून ठेवण्याबद्दल महाराष्ट्र शासनाने मजकडून एकवीसशे-बावीसशे रुपये घेतले, आणि तीन वेळा चावी हरवण्याबद्दल आपण चाळीस हजार. यात कोणी पक्षपात काढू नये. शासनाने मला एकही जागा दाखवली नव्हती, आणि दुचाकीवरून तर मुळीच नेले नव्हते. मी ती रक्कम मोजून दिली. मोजताना मी दोन नोटा उलटून पाहिल्या, हा माझा शेवटचा अपराध.

आमच्या इमारतीचे बांधकाम जोत्याच्या वर अद्याप आलेले नाही, असे विकासकाकडून समजते. अकरा महिने संपत आले आहेत. आपला निरोप आला आहे की कराराचे नूतनीकरण झाल्यास दलाली पुन्हा द्यावी लागेल, आणि त्याबद्दल तपशीलवार बोलण्यासाठी आपण पाच मिनिटांत येत आहात. मी सकाळपासून वाट पाहत आहे. लोभ असू द्यावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक पार्टी

ता. क. डोंबिवलीस माझी एक खोली आहे. मुलाने घेतलेली, तो परदेशी गेल्यापासून भाड्याने दिलेली. तेथील आपल्या व्यवसायबंधूस मी आरंभीच सांगून ठेवले होते की फॅमिली हवी, सरकारी नोकरीवाले असल्यास उत्तम, आणि एकटी पोरे तर मुळीच नकोत. काल त्यांचा फोन आला. तिघे विद्यार्थी आहेत, अभियांत्रिकीचे, नांदेडकडचे, मुले चांगली वाटतात, भाडे वेळेवर देतील, काय सांगू? मी क्षणभर विचार केला, आणि म्हणालो, ओनर गावाला गेलेत म्हणून सांगा.